व्याज पाप होतं, तरी बँका कशा चालल्या?

मध्ययुगीन युरोपात व्याज घेणं हे पाप होतं. 1179 सालच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, तर उघडपणे व्याजबट्टा करणाऱ्यांना ख्रिस्ती दफनही नाकारलं. तरीही 1397 मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला मेडिची घराण्याची बँक सुरू झाली आणि जवळजवळ शंभर वर्षं चालली.

हे सगळं ढोंग होतं, असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. चर्चचा आक्षेप नफ्यावर नव्हता. उसने दिलेल्या पैशावर काही धोका न पत्करता ठरलेली वाढ घेण्यावर होता. मग पैसा धोक्याच्या वाटेने फिरू लागला.

ती वाट म्हणजे हुंडी. समजा, फ्लॉरेन्समध्ये एका फ्लोरिनचा, म्हणजे तिथल्या सोन्याच्या नाण्याचा, भाव 40 इंग्लिश पेन्स आहे. बँकेने व्यापाऱ्याला 100 फ्लोरिन दिले. त्याने तीन महिन्यांनी लंडनमध्ये 4,000 पेन्स चुकते करायचे. लंडनमध्ये फ्लोरिनचा भाव 36 पेन्स. तिथे त्याच 4,000 पेन्सची उलटी हुंडी केली, की आणखी तीन महिन्यांनी फ्लॉरेन्समध्ये 111 फ्लोरिन हाती येतात. व्याजाचा कुठे उल्लेख नाही. पण मधल्या काळात भाव फिरला तर तोटाही व्हायचा, आणि हा धोका खरा होता. म्हणूनच बहुतेक धर्मपंडितांनी अशी हुंडी मान्य केली. नुसत्या कागदावर फिरणारी, मालाशी संबंध नसलेली हुंडी मात्र त्यांना खुपत राहिली.

श्रद्धेने सावकारी थांबवली नाही, तिचा आकार बदलला, असं मला वाटतं. हुंडीसाठी परगावी शाखा हव्यात, विश्वासू माणसं हवीत, हिशेब चोख हवेत. मेडिचींनी हे सारं उभं केलं. मनातली टोचणीही खरी होती. अन्यायाने मिळवलेल्या पैशाची बोच लागलेल्या कोसिमो मेडिचीने, म्हणजे बँकेच्या प्रमुखाने, पोपच्या सल्ल्यावरून सान मार्को मठाच्या उभारणीवर पैसा ओतला, असं त्याच्या काळातल्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय.

गरिबाला मात्र हुंडीचा काय उपयोग? त्याच्या नशिबी वस्तू गहाण ठेवून चढ्या व्याजाने घेतलेलं कर्जच होतं. फ्रान्सिस्कन साधूंना हे सहन होईना. त्यांच्या पुढाकाराने 1462 मध्ये पेरुजियात धर्मादाय गहाणपेढी निघाली. कारभाराच्या खर्चापुरती ती थोडी रक्कम जास्त घेई. एवढ्यावरूनही धर्मपंडितांत कडाक्याचा वाद पेटला. अखेर 1515 मध्ये पोप दहाव्या लिओने अशा पेढ्यांना मान्यता दिली. हा लिओ मेडिची घराण्यातला, कोसिमोचा पणतू.