लॅपटॉप घेताना प्रोसेसरची जात विचारा

लॅपटॉप घ्यायचा ठरला की घरात पहिला वाद होतो तो विंडोज की मॅक असा, आणि बहुधा किंमत कळली की मिटतो. पण २०२४ पासून खुद्द विंडोजच्या घरातच दोन चुली ठळक दिसू लागल्या आहेत. डेलने त्या वर्षी एक्सपीएस १३ हा लॅपटॉप दोन प्रकारांत विकायला काढला: एकात इंटेलचा प्रोसेसर, दुसऱ्यात क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन. नाव एक, रूप एक, दोन्हींवर विंडोज ११. तरीही एकासाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्याला थेट कळत नाही.

कुठल्याही प्रोसेसरला मोजकेच हुकूम समजतात: अमुक जागची संख्या उचल, तीत दुसरी मिळव, उत्तर तमुक जागी ठेव. या हुकुमांच्या यादीला सूचनासंच म्हणतात. इंटेल आणि एएमडीचा सूचनासंच म्हणजे एक्स८६. त्याचं मूळ १९७८ च्या ८०८६ या चिपमध्ये आहे. नवी चिप आली तरी जुने प्रोग्राम चालले पाहिजेत, हा शब्द या घराण्याने आजवर बऱ्यापैकी पाळला, आणि त्याची किंमतही मोजली. एक्स८६ ची सूचना १ बाइटची असू शकते तशी १५ बाइटचीही. एक सूचना कुठे संपली आणि पुढची कुठे सुरू झाली, हे शोधण्यातच प्रोसेसरचे बरेच कष्ट जातात.

दुसरा संच आर्म, स्नॅपड्रॅगनला कळतो तो हाच. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तो घडवला. पहिली चिप एप्रिल १९८५ मध्ये चालू झाली, तिच्यात जेमतेम २५ हजार ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे इवलेसे स्विच, होते. तिला किती वीज लागते हे मोजायला गेले तर मीटर शून्यावर! पाहतात तो वीजपुरवठ्याची तार जोडलेलीच नव्हती. इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवर चिप निवांत चालली होती. हेच घराणं पुढे मोबाइलमध्ये का शिरलं, हे वेगळं सांगायला नको. आजच्या ६४ बिटी आर्ममध्ये प्रत्येक सूचना नेमकी ४ बाइटची असते.

ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ ही स्वतःची चिप आणून मॅकला आर्मकडे वळवलं. मग जुन्या प्रोग्रामांचं काय? त्यासाठी मधे दुभाष्या बसवला. ॲपलचा रोझेटा २, मायक्रोसॉफ्टचा प्रिझम. एक्स८६ च्या सूचना वाचायच्या आणि आर्मच्या करून द्यायच्या, एवढंच काम. वरवर सोपं, पण खरी मेख स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या, क्रमात आहे. आजच्या चिपमध्ये एकाच वेळी काम करणारे अनेक गाभे (कोअर) असतात. एक्स८६ मध्ये एका गाभ्याने स्मृतीत 'अ' लिहून मग 'ब' लिहिलं, तर बाकीच्या गाभ्यांनाही ते त्याच क्रमाने दिसतं. आर्ममध्ये तशी हमी नाही, वेगासाठी क्रम उलटासुलटा होऊ शकतो. जुना प्रोग्राम त्या क्रमाच्या भरवशावर असेल, तर दुभाष्याला जागोजागी अडसर घालावे लागतात आणि वेग घसरतो. ॲपलने चलाखी अशी केली, की गरज पडेल तेव्हा एक्स८६ चा क्रम पाळण्याची सोय चिपमध्येच ठेवली. रोझेटा इतका सफाईदार वाटतो त्यामागे हेही एक कारण आहे.

विंडोजवर मात्र दुभाष्याची धाव कुंपणापर्यंतच असते. प्रोग्राम तो चालवतो, पण विंडोजच्या अगदी आत बसून एखादं उपकरण चालवणारे ड्रायव्हर नाही. ते आर्मसाठीच बनवलेले लागतात. म्हणून जुना स्कॅनर, सीएच्या कार्यालयातलं डिजिटल सहीचं टोकन, मराठी डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही अशी किल्ली), यांपैकी काही तुमच्या पोटापाण्याचं असेल तर आधी त्याच्या कंपनीला आर्मचा ड्रायव्हर आहे का ते विचारा. दुकानदाराला नव्हे, त्याला माल खपवायचा असतो. मायक्रोसॉफ्टलाही हा धडा महागात पडला आहे. २०१२ चं विंडोज आरटी आर्मवर होतं, पण नेहमीचे जुने प्रोग्राम त्यावर चालतच नव्हते. पुढच्याच वर्षी न खपलेल्या सरफेस आरटी या टॅबलेटपायी कंपनीला ९० कोटी डॉलरचा फटका सोसावा लागला.

राहिली बॅटरी. 'आर्म म्हणजे दिवसभर बॅटरी' हे अर्धसत्य आहे. सूचनासंचाहून जास्त फरक चिप किती बारीक तंत्राने छापली, स्मृती किती जवळ ठेवली आणि रिकामा वेळ किती शांतपणे काढला, याने पडतो. इंटेलने २०२४ मध्ये लुनार लेक नावाच्या चिपा तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीकडून बनवून घेतल्या, रॅम चिपच्याच पाकिटात बसवली, आणि एक्स८६ लॅपटॉपही बराच वेळ टिकू शकतो हे दाखवलं. मात्र ती रॅम नंतर वाढवता येत नाही, मॅकसारखीच. तेव्हा १६ जीबीच्या खाली जाऊ नका.

माझं मत विचाराल तर लिखाण, ब्राउझर, व्हिडिओ एवढंच काम असेल तर काहीही घ्या. सॉलिडवर्क्स हे यंत्रांचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर लागणाऱ्या किंवा लिनक्सवर प्रयोग करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी सरळ एक्स८६ घ्यावा. नव्या मॅकवर बूट कॅम्प नाही, त्यामुळे पूर्वीसारखं शेजारी विंडोज टाकता येत नाही. आणि सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळणाऱ्या इंटेलच्या मॅकपासून लांब राहा. त्यांच्यासाठी मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती, असं ॲपलने २०२५ मध्येच जाहीर केलं आहे.