विंचवांना एकत्र ठेवता येते का?

विंचू पाळण्याचा छंद असलेल्या लोकांमध्ये पश्चिम आफ्रिकेचा सम्राट विंचू सर्वांत लोकप्रिय आहे. पँडिनस इम्परेटर हे त्याचे शास्त्रीय नाव. काळाभोर रंग, सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत लांबी, जाडजूड चिमटे आणि माणसासाठी फारसे घातक नसलेले विष, यांमुळे नवखे लोकही त्याच्याकडे वळतात. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून तो दीर्घकाळ निर्यात होत आला आहे. एक विंचू घरी आला की त्याला सोबत म्हणून आणखी दोन-तीन त्याच काचपेटीत ठेवावेत का, हा विचार लवकरच मनात येतो. काही मोजक्या जातींच्या बाबतीत आणि काही कडक अटींवर हे शक्य आहे. परंतु ‘सोबत’ ही गरज माणसाची आहे, विंचवाची नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवे.

बहुतेक विंचू एकांडे असतात आणि स्वतःच्याच जातीचा लहान विंचू समोर आला तर त्याला भक्ष्य समजतात. गॅरी पोलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील वाळूत राहणाऱ्या विंचवांचा १९७०च्या दशकापासून बारकाईने अभ्यास केला. या विंचवांच्या आहारात स्वजातीयांचा वाटा लक्षणीय असतो, आणि खाणारा जवळजवळ नेहमीच खाल्ल्या जाणाऱ्यापेक्षा आकाराने मोठा असतो, असे त्यांना आढळले. वेगवेगळ्या वयाचे विंचू एकाच वेळी बिळाबाहेर फारसे दिसत नाहीत, यामागे मोठ्यांपासून बचाव हेही एक कारण मानले जाते. मीलनाच्या हंगामात माद्यांच्या शोधात भटकणारे नर तर विशेष धोक्यात असतात. विंचवाची नजर अधू असते. पायांना जाणवणारी जमिनीची कंपने, चिमट्यांवरील केसांना जाणवणारी हवेची हालचाल आणि पोटाखालच्या कंगव्यासारख्या अवयवांनी टिपलेली रासायनिक खूण यांवर त्याचे जग उभे असते. जवळून जाणारे काहीतरी लहान आहे, हलते आहे आणि आवाक्यात आहे, एवढे कळले की भुकेल्या विंचवाला हल्ला करायला ते पुष्कळदा पुरेसे असते.

या नियमाला काही मनोवेधक अपवाद आहेत आणि त्यांचे मूळ मातृत्वात आहे. विंचवाची मादी अंडी घालत नाही, ती पिल्लांना जन्म देते. ही मऊ, पांढुरकी पिल्ले आईच्या पाठीवर चढून बसतात आणि निदान पहिली कात टाकेपर्यंत तेथेच राहतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, हे आपल्या लोकांनी अचूक पाहिले. मात्र पिल्ले आईला खाऊन टाकतात हा आपल्याकडचा समज निराधार आहे. बहुतेक जातींत पाठीवरून उतरल्यावर पिल्ले लवकरच पांगतात. सम्राट विंचवांत मात्र ती पुढेही आईच्या बिळात राहतात आणि तिने मारलेल्या मोठ्या भक्ष्यावर मिळून पोट भरतात. दक्षिण भारतातील एका मोठ्या, बीळ करून राहणाऱ्या विंचवाच्या बाबतीतही बेंगळुरूच्या परिसरातून १९९४ साली असेच निरीक्षण प्रसिद्ध झाले आहे. उत्तर अमेरिकेतील सेंट्रुरॉइडेस प्रजातीचे काही विंचू थंडीत झाडाच्या सालीखाली गटाने एकत्र येतात, पण त्यांच्यात अत्यंत विषारी जाती असल्याने हौसेसाठी त्यांचा विचारही करू नये.

थोडक्यात, सम्राट विंचू आणि त्याचे आग्नेय आशियातील हेटेरोमेट्रस प्रजातीचे नातलग एकमेकांना सहन करतात, आणि तेही परिस्थिती अनुकूल असेल तोवरच. ही सहनशीलता टिकवायची असेल तर सर्व विंचू एकाच जातीचे आणि जवळपास सारख्या आकाराचे असावे लागतात; शक्यतो ते एकाच विणीतून एकत्र वाढलेले असावेत. पेटीची उंची महत्त्वाची नाही, तळाचे क्षेत्रफळ मोठे हवे. तळाशी निदान १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा, ओलसर पण न चिखलणारा कोकोपीटचा थर असावा, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचे बीळ करता येते. लपण्याच्या जागा विंचवांच्या संख्येपेक्षा अधिक असाव्यात, कारण भांडणे बहुधा जागेवरून आणि भक्ष्यावरून होतात. रातकिडे किंवा झुरळे एकाच कोपऱ्यात टाकली की बलवान विंचू सारे फस्त करतो आणि दुबळा उपाशी राहतो. म्हणून प्रत्येकाला वेगळे खाऊ घालणे उत्तम. तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि भरपूर आर्द्रता ही या जंगलात राहणाऱ्या जातींची गरज आहे.

एवढे करूनही एक धोका शिल्लक राहतो, तो म्हणजे कात टाकण्याचा. वाढीच्या काळात विंचू अनेकदा कात टाकतो, आणि प्रत्येक वेळी जुने कवच फोडून बाहेर आलेला प्राणी मऊ, मंद आणि पूर्णपणे असहाय असतो. त्या अवस्थेत एरवी शांत असलेल्या सोबत्यालाही तो आयते अन्न वाटतो. खाणे सोडलेला, फुगलेला आणि सुस्तावलेला विंचू दिसला की त्याला तत्काळ स्वतंत्र डब्यात हलवावे आणि नवे कवच पुरेसे कठीण झाल्याशिवाय परत आणू नये. येथे निसर्गाची एक सोय उपयोगी पडते. अतिनील प्रकाशात विंचू निळसर-हिरवा चमकतो, पण नुकतीच कात टाकलेला विंचू जवळजवळ चमकत नाही. कवच कठीण होत जाते तशी चमक वाढते. अतिनील टॉर्चने रात्री क्षणभर पाहिले तरी बरेच कळते. अधिक वेळ मात्र हा प्रकाश टाकू नये, कारण विंचू त्यापासून दूर पळतात.

अनेकांची फसगत होते ती विंचवाच्या संथ जीवनामुळे. त्याचा चयापचय इतर संधिपाद प्राण्यांच्या तुलनेत फारच मंद असतो आणि काही जाती अन्नाविना अनेक महिने तग धरतात. त्यामुळे चार विंचू सहा महिने गुण्यागोविंदाने राहिले, यावरून काहीच सिद्ध होत नाही. दबलेला विंचू त्या काळात हळूहळू खंगत असू शकतो आणि एके सकाळी पेटीत तिघेच उरलेले दिसतात. सम्राट विंचू काळजी घेतल्यास बंदिवासात सहा ते आठ वर्षे जगतो. एवढ्या मोठ्या काळाच्या हिशेबाने पाहता प्रत्येकाला स्वतंत्र पेटी देणे हाच मला अधिक जबाबदार मार्ग वाटतो. दोन वेगळ्या जाती एकत्र ठेवणे तर कोणत्याही परिस्थितीत अयोग्य आहे.

महाराष्ट्रातील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोकणातला लाल विंचू, हॉटेनटोटा टॅम्युलस, हा जगातील सर्वांत घातक विंचवांपैकी एक आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ करून या दंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटवले; त्याआधी दंशाने गंभीर झालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण भयावह होते. बारीक चिमटे आणि जाड शेपटी दिसली की असा विंचू हाताळू नये, मग तो एकटा असो वा अनेक.

सम्राट विंचवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९५पासून साइट्स या वन्यजीव-व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे आणि अशा परदेशी सजीवांची नोंदणी करणे भारतात कायद्याने बंधनकारक आहे. नर-मादी एकत्र ठेवणार असाल तर विणीचाही विचार आधीच करावा. गर्भावस्था सात ते नऊ महिने किंवा त्याहून अधिक असू शकते, आणि एका वेळी दहा ते तीस पिल्ले जन्मतात. प्रसूत मादीला गटातून वेगळे करावे आणि मग तिला अजिबात त्रास देऊ नये, कारण बिथरलेली मादी स्वतःची पिल्ले खाऊ शकते. मोठी झालेली पिल्ले परिसरात सोडून देणे हा पर्याय नाही. बाजारातून आणलेली प्रौढ मादी पुष्कळदा जंगलातून पकडलेली आणि आधीच गर्भवती असते. त्यामुळे ती पेटीत एकटी ठेवली तरी कित्येक महिन्यांनी पिल्ले होऊ शकतात, आणि त्यांच्यासाठी वेगवेगळे डबे तयार असावे लागतात.