आठवड्यातून एकदा चेस्ट: नवशिक्यांच्या तक्त्याची पार्श्वभूमी

जिममध्ये नाव घातलं की हाती पडणारा तक्ता बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर, गुरुवारी बायसेप्स-ट्रायसेप्स (दंडाचे पुढचे-मागचे स्नायू), शनिवारी लेग्ज. नवशिक्यासाठी तो कधी बेतलेलाच नव्हता.

तालमीत जोर-बैठका रोज निघत. बारबेल (दोन्ही टोकांना वजनं लावलेला लांब बार) रुळला तो बहुतांशी एक दिवसाआड, सगळ्या अंगाला व्यायाम देत. दुसऱ्या महायुद्धातल्या जायबंदी सैनिकांसाठी एका अमेरिकी लष्करी डॉक्टराने १९४५ मध्ये मांडलेली पद्धत १० रेपच्या ७ ते १० सेटची होती (रेप म्हणजे हालचालीची एक आवृत्ती, सेट म्हणजे न थांबता काढलेल्या रेपचा एक फेरा). १९४८ पर्यंत ती ३ सेटवर आली. पुढे व्यावसायिक बॉडीबिल्डरांचे सेट इतके वाढले की एका दिवसात सगळं अंग उरकेना, म्हणून अंगाची वाटणी झाली. तरी १९७० च्या दशकातले अनेक नामवंत प्रत्येक स्नायू आठवड्यातून दोनदा-तीनदा घेत. एकदाच घ्यायची रीत त्यानंतर मासिकांतून पसरली. त्या पानांवरच्या शरीरांमागे स्टिरॉइड किती होतं, हे तक्त्याखाली कुणी छापलं नाही.

एक स्नायू आठवड्यातून एकदा घ्यावा की जास्त वेळा, हा खरा वाद इथून पुढे आहे. व्यायामानंतर स्नायूंमधली प्रथिनबांधणी किती वेळ वाढलेली राहते, हे १९९० च्या दशकात मोजलं गेलं. १९९५ च्या मोजणीत सरावलेल्या माणसांत ती ३६ तासांत जवळपास पूर्ववत झाली. १९९७ मध्ये न सरावलेल्यांत ४८ तासांनंतरही थोडी चढलेली दिसली. २०१६ मध्ये जुने प्रयोग एकत्र तपासले तेव्हा आठवड्यातून दोनदा हे एकदापेक्षा सरस ठरलं. मग २०१९ च्या आसपास नवा हिशेब आला: आठवड्याचे एकूण सेट सारखे असतील, तर किती दिवसांत वाटले याने स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही. जुन्या तक्त्याचे पाठीराखे हेच वाक्य पुढे करतात.

पण ‘सेट सारखे असतील तर’ ही अट नवशिक्याच्या बाबतीत लंगडी पडते. चेस्टचे १२ सेट एकाच सोमवारी घेतले, की सातव्या-आठव्या सेटपासून कोपर बाहेर फाकतात, खांदे कानाकडे चढतात आणि बार छातीवर आपटून वर येतो. त्यापुढचे सेट कागदावर मोजले जातात, एवढंच. दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं, बुधवारचं शोल्डर त्याच दुखऱ्या अंगाने होतं. शिवाय बेंच प्रेसमध्ये (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलताना) ट्रायसेप्स आणि पुढचा खांदा राबतोच. म्हणजे ‘एकदा’ म्हणवणाऱ्या तक्त्यात ट्रायसेप्सला तीनदा काम पडतं, पायांना एकदाच. शनिवार चुकला की पायांचा पंधरवडा कोरडा.

तेच १२ सेट सोमवार, बुधवार, शुक्रवारी चार-चार केले तर प्रत्येक सेट ताज्या अंगाने होतो, आणि पायांचंही तसंच वाटलं तर स्क्वॉटची (खांद्यावर बार घेऊन मारलेल्या बैठकेची) ढब आठवड्यातून तीनदा घोटली जाते. सुरुवातीची ताकद बरीचशी या सरावातूनच येते. पहिले दोन आठवडे मात्र चारही नकोत: स्क्वॉट, बेंच प्रेस, रो (वाकून बार पोटाकडे ओढणं), शोल्डर प्रेस (बार खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) आणि हलका डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं), प्रत्येकी २ सेट, ८ ते १० रेप, आणखी दोन-तीन रेप निघतील तिथेच थांबायचं. सगळे रेप नीट निघाले की पुढच्या खेपेला एकूण अडीच किलो वाढवायचे. शोल्डर प्रेसला तेही लवकरच जड जातं, तिथे बाजूला अर्ध्या-एक किलोच्या प्लेट लागतात आणि नेमक्या त्याच जिममध्ये नसतात.

सहा-आठ महिन्यांनी वजनं जड होऊन सत्र दीड तासापलीकडे लांबलं, की चार दिवसांची वरचं अंग–खालचं अंग अशी वाटणी सोयीची. तिथेही प्रत्येक स्नायू दोनदा येतो.