फायबरग्लास बॉडी पॅनल, घरगुती

काचेच्या तंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन (नंतर घट्ट होणारा प्लॅस्टिकचा द्रव) यांचे थर साच्यावर हाताने बसवून गाडीचं बोनेट, फेंडर, बंपर, डिकीचं झाकण किंवा जीपचा हार्डटॉप घरी नाहीतर छोट्या गॅरेजमध्ये बनवायची पद्धत. नागपुरात हे काम जास्त करून जुन्या जीप-जिप्सीवाल्यांचं आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचं, जी स्पर्धेसाठी स्वतः गाडी बांधतात. प्रेस नको, भट्टी नको, त्यामुळे टेरेसवर किंवा पोर्चमध्येही जमतं, पण साचा आणि वेळ या दोन गोष्टी सांभाळल्या नाहीत तर महागातलं रेझिनही काही वाचवू शकत नाही, आणि नागपुरात वेळ म्हणजे दिवसातली नेमकी कोणती वेळ हे आधी बघावं लागतं.

उगम : काचेचा तंतू ओढता येतो हे जुनंच ज्ञान. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात एडवर्ड लिबीच्या कारखान्याने काचतंतू आणि रेशीम विणून केलेला पोशाख मांडला होता, पण त्या तंतूचा पॅनलशी संबंध जोडणं ओढूनताणून होतं. आजचा बारीक तंतू साधारण १९३२-३३ च्या सुमारास ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट आणि गेम्स स्लेटर यांच्या कामातून आला. क्लाइस्ट काचेचे ठोकळे जोडायचा प्रयत्न करत होता, वितळलेल्या काचेवर हवेचा झोत बसला आणि ठोकळे जुळायच्या ऐवजी बारीक तंतू उडाले, अशी हकीकत सांगतात. पुढे १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही वेगळी कंपनी निघाली.

पहिली फायबर बॉडीची गाडी कोणती यावर मात्र वाद आहे. काही जण हेन्री फोर्डची १९४१ ची 'सोयाबीन कार' पुढे करतात, तिला नळ्यांच्या सांगाड्यावर प्लॅस्टिकचे पॅनल होते, पण त्यात काचतंतू असल्याचा भरवशाचा पुरावा नाही म्हणून तिला या यादीत धरू नये हेच बरं. १९४६ च्या आसपास विल्यम स्टाउट आणि ओवेन्स-कॉर्निंगने मिळून केलेली एकुलती एक गाडी बहुतेक लेखक पहिली मानतात. कारखान्यातून नियमित विक्रीला आलेल्या गाड्यांत शेव्हरोले कॉर्व्हेटचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या वर्षी म्हणजे १९५३ मध्ये त्या फक्त ३०० बनल्या आणि त्याही बऱ्याचशा हातानेच. पण घरगुती कामाचा खरा पूर्वज या दोन्हींच्या मधे सापडतो. कॅलिफोर्नियात बोटी बनवणाऱ्या बिल ट्रिटने १९५०-५१ च्या सुमारास एका लष्करी अधिकाऱ्याच्या जीपच्या चासीवर फायबरची बॉडी चढवली आणि तिथून ग्लासपार जी-२ ही बॉडी आली. म्हणजे मोठा कारखाना यात उतरायच्या आधीच हे काम छोट्या शेडमध्ये चालू झालेलं होतं. हे शक्य झालं कारण तोवर भट्टीशिवाय, साध्या खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं पॉलिएस्टर रेझिन हाती आलं होतं. तंतूच्या शोधाइतकंच किंवा थोडं जास्तच श्रेय या रेझिनला द्यायला हवं. भारतात फायबर बॉडीची तीनचाकी बादल आणि १९८० च्या दशकातली बंगळूरच्या सिपानीची डॉल्फिन या ठळक गाड्या.

साचा : आधी प्लग, म्हणजे हव्या त्या आकाराचा नमुना, मग त्यावरून साचा, मग साच्यातून पॅनल असा क्रम. मूळ पॅनल हाताशी असेल तर तोच प्लग. नवीन आकार हवा असेल तर पीओपी, एमडीएफ किंवा पीयू फोम वापरतात. थर्मोकोल स्वस्त पडतो पण पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन त्याला विरघळवून टाकतं, मधे इपॉक्सीचा थर किंवा दुसरा अडसर दिल्याशिवाय थर्मोकोल चालत नाही. मातीतून आकार काढायची नजर लागते आणि ती नागपुरात दुर्मिळ नाही, मूर्तिकारांच्या चितारओळीत गणपतीच्या दिवसांत एक चक्कर मारली की कळतं, हाताने वळण सारखं कसं करायचं हे तिथल्या कारागिरांना कोणी शिकवायची गरज नाही. प्लगवर राहिलेला ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून प्रत्येक पॅनलवर, त्यामुळे घासायचा कंटाळा इथे करायचा नाही. साचा पॅनलच्या निदान दुप्पट जाड ठेवतात, उलटी खाच (जिच्यात पॅनल अडकून बसेल अशी) असेल तर दोन तुकड्यांत करून कडेला बोल्टसाठी पट्टी सोडतात. नव्या साच्याला मेणाचे पाच-सहा हात, मधे तासाभराची उसंत, वरून पीव्हीएचा (पाण्यात विरघळणाऱ्या पातळ पापुद्र्याचा) थर, म्हणजे पॅनल साच्याला चिकटत नाही. पॅनल निघताना हा पीव्हीए पाण्याने धुवून जातो.

थर आणि ताप : साच्यावर आधी जेलकोट, म्हणजे पॅनलचा बाहेर दिसणारा रंगीत रेझिनचा थर, साधारण अर्धा मिलिमीटर. मॅट कधी घालायची ते बोटाने ठरवतात : जेलकोटला हलकं बोट लावलं की चिकट लागलं पाहिजे पण रंग बोटावर आला नाही पाहिजे. रंग बोटावर आला तर थांबायचं, नाहीतर मागच्या थरातलं स्टायरीन कच्च्या जेलकोटमध्ये शिरतं आणि अख्ख्या पृष्ठभागावर सुरकुत्या उठतात, मग ते पॅनल गेलंच. त्यानंतर ३०० ग्रॅमची (चौरस मीटरला) मॅट, मग ४५० ग्रॅमचे दोन थर, खाचांच्या रोलरने हवा काढत काढत. वजनाला मॅटच्या दोन ते अडीचपट रेझिन लागतं. असं पॅनल जेमतेम तीन मिलिमीटरचं, चौरस मीटरला ४ किलोच्या आसपास भरतं. ०.८ मिलिमीटरचा पत्रा सव्वासहा किलो होतो. म्हणजे बचत तिसऱ्या हिश्शाची, 'निम्मं वजन' हे ऐकीव आहे, आणि भीतीपोटी चौथा-पाचवा थर चढवला तर तेवढीही उरत नाही.

रेझिनमध्ये कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं) आणि एमईकेपी हार्डनर (रेझिन घट्ट करणारं) पडतं, हार्डनर साधारण १ ते २ टक्के. हे दोन्ही कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, भडका किंवा स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच दुसरं. हार्डनर डोळ्यात उडालं तर नजर जाऊ शकते, म्हणून चष्मा घालायचाच आणि पाण्याची बादली जवळ ठेवायची.

पुस्तकातले गोठायचे वेळ २५ अंशांचे असतात, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढलं की तो वेळ ढोबळमानाने अर्धा होतो. मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, नागपूर ४५ अंशांच्या घरात जातं, तेव्हा वीस मिनिटांचं रेझिन पाचेक मिनिटांत मगमध्येच धरतं, धूर सोडतं, प्लॅस्टिकचा मग असेल तर वितळतो. यावर हार्डनर कमी करत जाणं हा लोकांना सुचणारा उपाय आहे पण तो अर्धाच बरोबर, कारण १ टक्क्याच्या फार खाली गेलं की रेझिन घट्ट दिसतं पण आतून कच्चंच राहतं आणि महिन्याभराने वाकायला लागतं. कोबाल्ट कमी असलेलं रेझिन घेणं, पाव-पाव किलोचेच मिश्रण करणं, ते उभ्या मगऐवजी पसरट ट्रेमध्ये ओतणं आणि पहाटे पाचला सुरू करून ऊन चढायच्या आत थर संपवणं हे जास्त खात्रीचं. पावसाळ्यात मॅट ओल धरते, ती घरात कोरड्या जागी गुंडाळून ठेवावी लागते. डिसेंबरच्या रात्री पारा पंधराच्या खाली असताना केलेलं काम नीट पकत नाही.

मात्र हाच ताप शेवटी कामाला येतो. गडद रंगाचं बोनेट उन्हात प्रचंड तापतं, आणि ते आधी कधी तेवढं तापलेलं नसेल तर रंगाखालून मॅटची नक्षी वर येते, मग पेंटरला दोष दिला जातो. म्हणून रंगाआधी पॅनल साच्यावरच ठेवून दोन-चार दिवस कडक उन्हात पकवून घेतात. इंजिनच्या वरच्या भागाला आयसोफ्थॅलिक रेझिन घेतलेलं बरं, ते जास्त ताप सोसतं.

कापताना-घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला खाजवते आणि फुफ्फुसात जाऊ द्यायची नसते. मास्क आणि पूर्ण बाह्या लागतात.

वापर आणि कायदा : फायबरला पोचा येत नाही, तडा जातो. धडकेत पत्रा चुरगळून जो धक्का गिळतो तो हे पॅनल गिळत नाही, म्हणून बंपरमागचा लोखंडी बीम काढून नुसता फायबरचा बंपर लावणं धोक्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. नंतरच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं. त्यामुळे नागपूरची गाडी एमएच-३१ असो की एमएच-४९, हार्डटॉप चढवायच्या आधी आरटीओत विचारून घेतात. ट्रॅकवरच चालणाऱ्या स्पर्धेच्या गाड्यांचा प्रश्न वेगळा, तिथे आयोजकांचे नियम लागतात.

तड्याची दुरुस्ती मागच्या बाजूने करतात : तड्याच्या दोन्ही अंगांना लांबवर उतार घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, लहानापासून मोठ्या मापाचे मॅटचे तुकडे चढवत जातात. नुसती पुट्टी भरली तर तडा पुन्हा त्याच जागी उघडतो.