वादळाच्या ढिगाऱ्याचा धनी कोण?

ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळ येऊन गेल्यावर अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून १० कोटी घनयार्डांहून जास्त राडारोडा उचलावा लागला. आपल्या मापात साधारण ७.५ कोटी घनमीटर. एका डंपरमध्ये १० घनमीटर माल मावतो असं धरलं, तर ७५ लाख खेपा झाल्या. हा हिशेब मुख्यतः जमिनीवरचा. खाड्यांत, दलदलीत आणि मेक्सिकोच्या आखाताच्या तळाशी किती काय जाऊन बसलं, याचा धड अंदाज तेव्हा कोणालाच नव्हता. तिथल्या वादळानंतरच्या सफाईचा इतिहास चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. रस्ता अडवणाऱ्या ढिगाऱ्याला लगेच धनी मिळतो. पाण्यात गेलेला माल मात्र वर्षानुवर्षं बेवारस राहतो.

सुरुवात टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बेटापासून करायला हवी. ८ सप्टेंबर १९०० च्या रात्री समुद्र शहरात शिरला आणि सुमारे ३,६०० घरं जमीनदोस्त झाली. मृतांची संख्या ६ ते ८ हजारांच्या घरात धरली जाते, काहींच्या मते त्याहूनही जास्त. मोडलेल्या घरांचं लाकूडसामान लाटांनी पुढं ढकलत नेलं आणि त्याची दोन मजले उंच भिंतच उभी राहिली. याच भिंतीनं लाटा अडवल्या म्हणून मागचं शहर वाचलं. पण शेकडो प्रेतंही तिच्यातच अडकली होती. सुमारे ७०० प्रेतं तराफ्यावर घालून समुद्रात सोडली, तर ती लाटांबरोबर किनाऱ्याला परत आली. मग जागोजागी चिता पेटवाव्या लागल्या. हे काम करायला कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकावर जुंपलं गेलं. ही नोंद वगळून गॅल्व्हस्टनच्या पुनर्बांधणीचं कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही. पुढं तिथं समुद्रभिंत बांधली, गाळ उपसून अख्ख्या शहराची जमीन उंच केली. ते सगळं मोठंच काम होतं, पण त्याआधी ढिगारा उपसणारे हात कोणाचे होते, हेही लिहिलं गेलं पाहिजे.

त्या काळी सफाई म्हणजे गावाचं आणि दानशूर संस्थांचं काम. केंद्र सरकारवर त्याची कायमची जबाबदारी आली १९५० च्या आपत्ती निवारण कायद्यानं. त्यात ढिगारे हटवण्याचा स्पष्ट उल्लेख होता. १९७९ मध्ये ‘फेमा’ ही आपत्ती व्यवस्थापन संस्था उभी राहिली आणि १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्यानं खर्चाची वाटणी ठरवली: किमान ७५ टक्के केंद्राचे, उरलेले राज्याचे आणि स्थानिक प्रशासनाचे. कॅटरिनानंतर ढिगारे उपसण्याचा पूर्ण खर्च केंद्रानं उचलला.

पण या पैशाला एक अट आहे. साधारणपणे तो सार्वजनिक जागेतल्या ढिगाऱ्यासाठी मिळतो. खाजगी आवारात पडलेलं झाड किंवा छप्पर मालकानं स्वतः रस्त्याच्या कडेला आणून ठेवायचं, तेही फांद्या एकीकडे, बांधकामाचं सामान दुसरीकडे, फ्रिज-वॉशिंग मशीन तिसरीकडे, रंगाचे नि रसायनांचे डबे आणखी वेगळे. एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसानं हे कसं करायचं? तिथं चर्चचे आणि इतर स्वयंसेवक धावून येतात.

पुढचा हिशेब बघण्यासारखा असतो. ट्रकचा हौदा आधीच मोजून त्याचं माप ट्रकच्या अंगावर लावलेलं असतं. माल भरला की तिथंच तिकीट फाडतात. कचरा टाकण्याच्या जागेवर लाकडी मचाण असतं. त्यावर उभा असलेला निरीक्षक वरून हौद्यात डोकावतो आणि तिकिटावर लिहितो, ७० टक्के भरलेला, ९० टक्के भरलेला. त्यावर बिल ठरतं. फांद्या नुसत्याच सैल टाकल्या की पोकळ ट्रकही भरलेला दिसतो, त्यामुळे मचाणावरची नजर तयार असावी लागते. कंत्राटावर कंत्राट देण्याची रीत तिथंही आहे. मूळ दर आणि शेवटच्या ट्रकवाल्याच्या हातात पडणारे पैसे, यांतल्या तफावतीवर कॅटरिनानंतर बरीच टीका झाली.

उचललेलं टाकायचं कुठं, हा वाद त्याहून कडू. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर एकट्या मायामी परिसरात ४.३ कोटी घनयार्ड ढिगारा झाला होता. त्यातला बराच जाळून टाकला. कॅटरिनानंतर लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये ते सोपं नव्हतं. घरांमध्ये फुप्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस होतं, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून आर्सेनिक मुरवलेलं होतं. शिवाय फोर्मोसन वाळवी इतरत्र पसरू नये म्हणून लाकूड बाहेर नेण्यावर राज्यानं निर्बंध घातले. आठवडे-आठवडे विजेविना पडलेले लाखो फ्रिज लोकांनी चिकटपट्ट्या गुंडाळून फुटपाथवर आणून ठेवले. प्रत्येकातलं कुजलेलं अन्न काढायचं, शीतकरणाचा वायू काढून घ्यायचा आणि मगच तो भंगारात जायचा.

२००६ मध्ये महापौर रे नेगिन यांनी आणीबाणीच्या अधिकारात शहराच्या पूर्व टोकाला शेफ मेन्तूर रस्त्यालगत नवी कचराभूमी उघडू दिली. शेजारीच व्हिएतनामी निर्वासितांची जुनी वस्ती होती. ही माणसं वादळानंतर सगळ्यात आधी परतणाऱ्यांपैकी होती आणि कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला पिकवत होती. मेरी क्वीन ऑफ व्हिएतनाम चर्चच्या पुढाकारानं म्हातारी माणसंसुद्धा रस्त्यावर उतरली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती कचराभूमी बंद झाली.

आखातातल्या कोळंबीच्या बोटींवरही व्हिएतनामी समाजातली कितीतरी माणसं राबतात. समुद्रातल्या ढिगाऱ्याची झळ अशा बोटवाल्यांना बसली. कोळंबीचं ट्रॉल जाळं, आपल्याकडच्या ट्रॉलरसारखंच, तळ खरवडत पुढं जातं. तळाशी मोटार, छपराचा पत्रा किंवा बुडालेली होडी असली की जाळं अडकतं आणि फाटतं. जोराचा हिसका बसला तर बोट कलंडण्याचीही भीती.

ते काढायचं कोणी? जहाजमार्ग मोकळा ठेवणं हे लष्कराच्या अभियंता दलाचं काम. तेल आणि घातक रसायनं तटरक्षक दलाकडं. ओढे-नाले तुंबले तर कृषी खात्याची पाणलोट योजना. जहाजमार्गाबाहेरचा उथळ समुद्र, म्हणजे नेमकी मासेमारीची जागा, या वाटणीत धडपणे कोणाच्याच वाट्याला आली नव्हती. कॅटरिनानंतर ‘नोआ’ या सागरी-हवामान संस्थेनं साइड स्कॅन सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी तळाचं चित्र काढणारं यंत्र लावून अलाबामा, मिसिसिपी आणि लुइझियानाच्या किनाऱ्याजवळचा तळ तपासला. सापडलेल्या वस्तू नकाशांवर मांडून मच्छीमारांना दिल्या. डिसेंबर २००६ मध्ये सागरी कचऱ्याचा स्वतंत्र कायदा झाला. २०१८ च्या दुरुस्तीनं एखाद्या घटनेला ‘गंभीर सागरी कचरा घटना’ जाहीर करून मदत देण्याची सोय झाली. गॅल्व्हस्टनपासून मोजलं तर पाण्यातल्या ढिगाऱ्याचा स्वतंत्र कायदा व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

होड्यांचा प्रश्न त्यानंतरही उरला. सप्टेंबर २०१७ मधल्या अर्मा वादळानंतर फ्लोरिडात दोन हजारांहून जास्त होड्या बुडालेल्या, भरकटलेल्या किंवा खारफुटीत घुसलेल्या सापडल्या. होडी ही कोणाची तरी मालमत्ता असते, तिला परस्पर हात लावता येत नाही. म्हणून तटरक्षक दल आणि राज्याचा वन्यजीव विभाग मालक शोधत फिरले. होडी स्वतः बाहेर काढा, नाहीतर हक्क सोडल्याच्या कागदावर सही करा, आम्ही फुकट मोडीत काढतो, असे पर्याय मालकांपुढे ठेवले. सही झाली की आधी डिझेल आणि बॅटऱ्या उतरवायच्या, मग तराफ्यावरच्या क्रेननं होडी उचलायची, खाली प्रवाळ आणि समुद्रगवत असेल तर ते वाचवत. खारफुटीत रुतलेल्या होड्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण तिथं मुळं न तोडता त्या बाहेर काढायच्या होत्या.