सरबताच्या बाटलीतलं रॉकेल

'रॉक ऑइल'चं रॉकेल झालं आणि मराठी घरात ते इतकं मुरलं, की हा शब्द परका आहे हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. रेशनवरून कॅन भरून आणायचा आणि रोजच्यापुरतं सरबताच्या नाहीतर दारूच्या रिकाम्या बाटलीत काढून स्टोव्हशेजारी, म्हणजे जमिनीवरच, ठेवायचं. काळाबाजार ओळखू यावा म्हणून सरकारनं रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला. दोन वर्षांच्या तहानलेल्या पोराला तो सरबताचाच वाटणार! मुलांच्या वॉर्डांत विषबाधेच्या नोंदींत रॉकेल कित्येक दशकं वरच्या रांगेत राहिलं, ते असं.

घरगुती उपायांनी भरच घातली. पोटात गेलेल्या रॉकेलपेक्षा फुप्फुसात उतरलेलं जास्त घातक. ते पातळ असल्यामुळे जरा ठसका लागला की श्वासनलिकेत शिरतं आणि फुप्फुसाला सूज येते. मिठाचं पाणी पाजून उलटी काढली, की तेच रॉकेल पुन्हा घशाशी येतं आणि फुप्फुसात शिरायला दुसरी वाट मिळते. डॉक्टर म्हणूनच उलटी काढू नका असं बजावतात. पण 'आधी ओकून टाकू दे' हे पिढ्यान्‌पिढ्या डोक्यात बसलेलं आहे.

विष चुकीच्या भांड्यात जाणं हा रोग जुना आहे. 1851 साली इंग्लंडमध्ये कायदा झाला, की किरकोळ विकल्या जाणाऱ्या सोमलात, म्हणजे आर्सेनिकच्या विषारी भुकटीत, काजळी किंवा नीळ मिसळायची, म्हणजे ते साखरेसारखं पांढरं दिसणार नाही. तरीही 1858 मध्ये ब्रॅडफर्डच्या एका औषधविक्रेत्याच्या नोकरानं चुकीच्या पिंपातून माल काढला. मिठाईवाल्याला साखरेत भेसळ करायला स्वस्त भुकटी हवी होती, मिळाला सोमल. गोळ्या खाऊन सुमारे वीस माणसं गेली, दोनशेवर आजारी पडली. पुढे विषाच्या बाटल्या गडद निळ्या आणि खरबरीत काचेच्या होऊ लागल्या, अंधारात चाचपडलं तरी हाताला कळावं म्हणून. मला ही युक्ती आजच्या कितीतरी लेबलांपेक्षा शहाणी वाटते. तिला वाचता येण्याची अट नव्हती.

विसाव्या शतकात अमेरिकेत संत्र्याच्या चवीची गोड ॲस्पिरिन निघाली आणि मुलं ती खाऊसारखी खाऊ लागली. कोणत्या डब्यात कोणतं रसायन, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसे. ती माहिती एका जागी ठेवणारं केंद्र 1953 मध्ये शिकागोत सुरू झालं. कॅनडातल्या विंडसरचे बालरोगतज्ज्ञ आंरी ब्रो यांनी 1967 मध्ये दाबून फिरवायचं झाकण रुळवलं. 1970 मध्ये अमेरिकेनं अशा झाकणांचा कायदाच केला. झाकणाची परीक्षा पाच वर्षांखालच्या मुलांकडूनच घेतली जाते. उघडून दाखवल्यावरही शंभरातल्या किमान ऐंशी मुलांना ते उघडता येता कामा नये.

आपल्याकडे कायदा हलला तो एका मोठ्या अपघातानं. 1958 मध्ये केरळात फॉलिडॉल हे कीटकनाशक आणि खाण्याचा माल एकाच जहाजातून आला, गळतीनं अन्न विषारी झालं आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्याकडे होती. त्यातून पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम आले. डब्यावरचा तो तिरपा चौकोन तेव्हाचा. खालचा अर्धा भाग लाल असेल तर सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.

पण चौकोन डब्यावर असतो आणि डबा शेतावर. उरलेलं 'औषध' छोट्या बाटलीत घरी येतं. आपल्या भाषेनंही इथे घात केला आहे: पिकावर मारतात ते औषध, ढेकणाचं औषध, उंदराचं औषध आणि खोकल्याचंही औषधच. 'फळीवरचं औषध आण गं' म्हटल्यावर लेकरानं नेमकं काय आणायचं?

1995 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषमाहिती केंद्र उभं राहिलं. तिथे चोवीस तास फोनवर सल्ला मिळतो. 2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर स्टोव्ह माळ्यावर गेले आणि रॉकेलही मागे पडलं. त्याची जागा डासांच्या लिक्विडनं, बटणाएवढ्या बॅटऱ्यांनी आणि दारावर सुट्या मिळणाऱ्या फिनेल-ॲसिडनं घेतली आहे. विकणारा विचारतो, 'ताई, बाटली आहे का?' आणि आपण कोल्ड्रिंकची रिकामी बाटली विसळून पुढे करतो.