एकत्रित घरांची कोष्टके

कोष्टकातील शेजारशेजारची दोन किंवा अधिक घरे मिळून एकच घर केले, तर त्याला एकत्रित घर म्हणतात. संगणकावर काम करणारे सरसकट ‘सेल मर्ज करणे’ म्हणतात आणि छापखान्यांतही आता तोच शब्द रुळला आहे. आडवे जोडलेले घर अनेक रकान्यांवर पसरते, उभे जोडलेले अनेक ओळींवर. दोन्ही दिशांनी जोडले तर मोठा आयत होतो. आयताखेरीज दुसरा आकार बहुतेक साधने स्वीकारत नाहीत. दिसायला हा केवळ मधली रेघ पुसण्याचा प्रकार वाटतो. खरे तर त्या घरातला मजकूर खालच्या किंवा बाजूच्या सर्व घरांना लागू आहे, असे ते विधान असते. ज्या कोष्टकांत हे भान सुटते ती छापायलाही अवघड जातात आणि वाचायलाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे सातबाऱ्याचा खालचा भाग, गाव नमुना बारा. त्याच्या जुन्या छापील नमुन्यात डाव्या कडेला ‘वर्ष’ आणि ‘हंगाम’ हे रकाने शीर्षकाच्या सगळ्या ओळी व्यापून उभे असत. त्यांच्या शेजारी ‘पिकाखालील क्षेत्राचा तपशील’ हे लांबच लांब घर. त्याच्या पोटात दोन घरे : ‘मिश्र पिकाखालील क्षेत्र’ आणि ‘निर्भेळ पिकाखालील क्षेत्र’. मिश्र पिकाच्या पोटात मिश्रणाचा संकेत क्रमांक, जल सिंचित, अजल सिंचित आणि ‘घटक पिके व प्रत्येकाखालील क्षेत्र’. या शेवटच्याच्या पोटात पुन्हा पिकाचे नाव, जल सिंचित, अजल सिंचित. निर्भेळच्या खाली तेच तीन रकाने आणखी एकदा. अशी शीर्षकाची चार मजली रचना होते आणि सर्वांत वरचे घर नऊ रकान्यांवर पसरते. ‘जल सिंचित’ हे शब्द एकाच कोष्टकात तीनदा येतात आणि तिन्ही ठिकाणी त्यांचा अर्थ वेगळा असतो. तो वेगळेपणा सांगण्याचे काम केवळ वरची एकत्रित घरे करतात. ती काढली तर उरतात एकाच नावाचे तीन रकाने, आणि कोणता आकडा कशाचा हे तलाठ्यालाही सांगता येणार नाही.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या जुळणीत असे कोष्टक हे डोकेदुखीचे काम होते. शब्द खिळ्यांचे असत, पण रेघा पितळी पट्ट्यांच्या, आणि उभी पट्टी आडवीला छेदते तिथे दोहोंपैकी एक कापावीच लागे. एकत्रित घर आले की उभी पट्टी मध्येच थांबवून उरलेली जागा कोऱ्या ठोकळ्यांनी नेमकी भरायची. केसभर फरक पडला तरी चौकट आवळताना सगळा मजकूर सैल होई. लायनोटाइप या जुळणीयंत्रावर अख्खी ओळ एका तुकड्यात ओतली जात असल्याने उभ्या रेघा आणखीच अडचणीच्या होत, म्हणून आकड्यांच्या कामासाठी सुटी अक्षरे ओतणारे मोनोटाइप यंत्र पसंत केले जाई. पुढे पेजमेकर या संगणकावर पाने मांडण्याच्या प्रोग्रॅमच्या काळात कोष्टक वेगळ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये बनवून पानात आणावे लागे. त्या खटाटोपाला कंटाळून अनेक ऑपरेटर टॅब देऊन मजकूर मांडत आणि वरून हाताने रेघा ओढत. त्या पद्धतीत एकत्रित घर ही वस्तूच नव्हती. नुसती एक रेघ ओढायची राहिलेली असे. एक शब्द वाढला की सगळ्या रेघा पुन्हा सरकवाव्या लागत. 2002 साली आलेल्या इनडिझाइन 2.0 या तशाच प्रोग्रॅममध्ये कोष्टक पानाचाच भाग झाले आणि घरे जोडणे एका आज्ञेवर आले.

संगणकीय जुळणीत हा प्रश्न मुळापासून हाताळला तो डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक् या प्रणालीने. तिचे पहिले रूप 1978 चे. तिच्या कोष्टकयंत्रणेत रकान्यांचा साचा आधी ठरतो आणि ‘स्पॅन’ या आज्ञेने शेजारचे रकाने जोडता येतात. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेक्‌वर उभारलेल्या लाटेक्‌मध्ये हेच काम ‘मल्टिकॉलम’ ही आज्ञा करते. तिला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : किती रकाने, मजकूर डावीकडे की मध्यभागी, आणि मजकूर. यातल्या दुसऱ्या गोष्टीत नवखे हमखास फसतात. ही आज्ञा त्या रकान्यांचा मूळ साचा बाजूला सारते, आणि उभी रेघ साच्याचाच भाग असते. ती पुन्हा सांगितली नाही तर त्या ओळीपुरती गायब होते आणि दोन्ही बाजूंना सांगितली तर डावीकडे दुहेरी उमटते. उभी रेघ तिच्या डावीकडच्या रकान्याच्या मालकीची मानायची आणि फक्त पहिल्या रकान्याला दोन्ही बाजूंच्या रेघा द्यायच्या, एवढे पाळले तर ही चूक होत नाही.

दुसरा खड्डा रुंदीचा. वरचे शीर्षक खालच्या रकान्यांच्या एकूण रुंदीपेक्षा लांब असेल, तर टेक् उरलेली सगळी रुंदी शेवटच्या रकान्याच्या गळ्यात घालते. गाव नमुना बारामध्येच ‘लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन’ या घराखाली ‘स्वरूप’ आणि ‘क्षेत्र’ असे दोन चिमुकले रकाने येतात. हे शीर्षक एका ओळीत लिहिले, तर ‘स्वरूप’ आहे तेवढाच राहतो आणि ‘क्षेत्र’ ऐसपैस फुगतो. उपाय साधा आहे : खालच्या रकान्यांची रुंदी स्वतः ठरवून द्यावी आणि वरचे शीर्षक दोन-तीन ओळींत मोडावे. शीर्षक आखूड करणे हा त्याहून चांगला उपाय, पण सरकारी नमुन्यांत ते कोणाच्या हातात असते?

ओळी जोडण्याची सोय मूळ लाटेक्‌मध्ये नाही; त्यासाठी ‘मल्टिरो’ हे जोडपॅकेज वापरतात. ते घरे खरोखर जोडत नाही. पहिल्या ओळीत मजकूर ठेवते आणि ओळींची संख्या मोजून तो अंदाजाने मध्यभागी ढकलते. त्यामुळे ओळींची उंची कमीजास्त असेल तर मजकूर मध्यावरून सरकतो आणि हाताने वरखाली करावा लागतो. मजकूर जास्त झाला तरी ओळी वाढत नाहीत. तो सरळ शेजारच्या ओळीत उतरतो. ओळींना रंग दिला असेल तर आणखी गंमत होते. रंग ओळीमागून ओळ चढतो, म्हणून खालच्या ओळीचा रंग वरून आलेल्या मजकुरावर बसतो आणि अर्धा शब्द झाकला जातो. तेव्हा मजकूर शेवटच्या ओळीत लिहून ओळींची संख्या उणे द्यायची, म्हणजे तो खालून वर ढकलला जातो आणि रंगावर उमटतो. ही युक्ती माहीत नसल्याने संध्याकाळ वाया घालवलेले बरेच जण आहेत. अलीकडची ‘टॅब्युलररे’ आणि ‘नाइसमेट्रिक्स’ ही पॅकेजे ओळी-रकाने दोन्ही जोडू शकतात आणि रंगाचाही हिशोब ठेवतात. नवे काम सुरू करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

रेघांबाबत सायमन फिअर यांच्या ‘बुकटॅब्ज’ पॅकेजचा सल्ला रोखठोक आहे : उभ्या रेघा कधीच नकोत, दुहेरी रेघा कधीच नकोत. गट दाखवायचा तर एकत्रित शीर्षकाखाली तेवढ्याच रकान्यांपुरती आखूड आडवी रेघ द्यायची आणि तिची टोके किंचित छाटायची, म्हणजे शेजारच्या दोन गटांत फट राहते. ही फट उभ्या रेघेचे काम करते. शास्त्रीय नियतकालिकांची बहुतेक कोष्टके आज अशीच दिसतात. मात्र जिथे माणूस पेनाने रकाने भरणार आहे, त्या फॉर्मला चौकटी लागतातच. हा सल्ला तिथे आंधळेपणाने लावू नये.

देवनागरीत आडव्या रेघांचा प्रश्न अधिक टोचतो. ‘आर्थिक’मधली वेलांटी आणि रफार शिरोरेषेच्या वर जातात, ‘राष्ट्रकूट’मधले जोडाक्षर आणि ऊकार खाली उतरतात. रोमन लिपीसाठी ठरवलेल्या ओळीच्या उंचीत रेघा या चिन्हांना चिकटतात, आणि शिरोरेषा स्वतःच एक आडवी रेघ असल्याने घर गजबजलेले दिसते. म्हणून मराठी कोष्टकात ओळींची उंची आधी वाढवून घ्यावी आणि मगच घरे जोडावीत. उलट केले तर मध्यभागी बसवलेली सगळी शीर्षके पुन्हा हलतात.

वेबपानांवर हेच काम ‘कोलस्पॅन’ आणि ‘रोस्पॅन’ हे दोन गुणधर्म करतात. मे 1996 मधल्या डेव्ह रॅगेट यांच्या कोष्टकविषयक मसुद्यात ते आहेत. लाटेक्‌मधून एचटीएमएलकडे, म्हणजे वेबपानांच्या भाषेकडे जाणाऱ्याला इथे एक फरक नडतो. लाटेक्‌मध्ये वरून आलेल्या घराखाली पुढच्या ओळीत रिकामी जागा सोडावीच लागते. एचटीएमएलमध्ये ते घर लिहायचेच नसते, लिहिले तर ओळ उजवीकडे सरकते आणि एक घर बाहेर लोंबते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या कामातून आलेल्या, कोष्टके लिहिण्याच्या कॅल्स नमुन्यात तर मोजणीच वेगळी : तिथे एकूण ओळी न सांगता जास्तीच्या ओळी सांगतात, म्हणजे दोन ओळींचे घर एक या आकड्याने लिहिले जाते. वर्डच्या फाइलमध्ये उभ्या जोडणीत खालची घरे नष्ट होतच नाहीत. पहिल्या घरावर ‘इथून सुरू’ आणि बाकीच्यांवर ‘चालू’ अशी खूण असते. एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना कोष्टके का विस्कटतात याचे उत्तर बहुतेक वेळा याच मोजणीत सापडते. हाताने तपासायची रीत एकच : प्रत्येक ओळीत घरांच्या रुंदींची बेरीज करायची, वरून उतरलेली घरे त्यात मिळवायची, आणि ती रकान्यांच्या संख्येइतकी येते का पाहायचे.

लांब कोष्टक पान ओलांडते तेव्हा एकत्रित घर मध्येच तुटते आणि त्याचा मजकूर एकाच पानावर राहतो. पुढच्या पानावरच्या ओळी मग अनाथ दिसतात. स्तंभशीर्षके प्रत्येक पानावर आपोआप पुन्हा छापता येतात, बाजूची शीर्षके सहसा नाही. तिथे घर दोन भागांत तोडून मजकूर पुन्हा लिहिणे, हाच व्यवहारी मार्ग आहे.

मजकूर वाचून दाखवणारे प्रोग्रॅम एकत्रित घरांत अडखळतात. अंध वाचकाला आकडा ऐकू येतो, पण तो कोणत्या शीर्षकाखालचा हे कळायला प्रत्येक शीर्षकाची व्याप्ती कोडमध्ये सांगावी लागते. एक्सेलमध्ये घरे जोडली की फक्त वरच्या डाव्या घरातली नोंद उरते, बाकीच्या पुसल्या जातात, आणि वेगवेगळ्या आकाराची जोडलेली घरे असली तर ओळी क्रमाने लावता येत नाहीत. नुसते शीर्षक मध्यभागी दिसायला हवे असेल, तर घरे न जोडता निवडलेल्या रकान्यांच्या मध्यावर मजकूर आणण्याची सोय एक्सेलमध्येच आहे. ती वापरणारे फारच थोडे. शिनशिन वांग यांनी वॉटर्लू विद्यापीठातल्या 1996 च्या प्रबंधात कोष्टकाची तार्किक रचना आणि पानावरची मांडणी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. त्या दृष्टीने पाहिले तर एकत्रित घर माहितीत नसते, ते मांडणीतून जन्मते. तीच माहिती दुसऱ्या मांडणीत एकही घर न जोडता लिहिता येते.

गाव नमुना बाराचेही तेच झाले. आजच्या संगणकीकृत उताऱ्यात ‘पिकाचा प्रकार’ हा स्वतंत्र रकाना दिसतो. पीक निर्भेळ आहे की मिश्रातले घटक, हे जुन्या नमुन्यात वरच्या एकत्रित घरावरून ओळखावे लागे; आता ते प्रत्येक ओळीत शब्दांत लिहिलेले असते, आणि ‘जल सिंचित’ एकदाच येते.